मेंदूचा निरोप पायापर्यंत कसा पोहोचतो?

ठाणे शहरात टेंभी नाका आहे. मासुंदा तलावापासून तो फार लांब नाही. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी या नाक्यावर दहीहंडी बांधतात. ठाण्याचे पुढारी आनंद दिघे यांनी ही हंडी सुरू केली. २००१ साली ते वारले, पण हंडी पुढे चालू राहिली. ती पाहायला गावोगावची माणसे येतात. तुमच्यापैकीही कोणी गेले असेल.

गोविंदा एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहतात. थरावर थर चढतात. २०१२ साली ठाण्यातच एका पथकाने नऊ थर लावले. त्यांची उंची जवळजवळ ४४ फूट भरली. जगातल्या विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली.

पण थर कधी कधी कोसळतो. वरचा मुलगा खाली येतो. कोणाचा हात मोडतो, कोणाचे डोके फुटते. एखाद्याच्या अंगावर ओरखडाही नसतो, पण तो म्हणतो, "माझे पाय कुठं आहेत? मला लागतच नाहीत."

पाय तर जागेवरच असतात. हाड मोडलेले नसते. रक्त आलेले नसते. मग पायांना झाले काय?

हे समजायला आपल्या शरीरातली एक व्यवस्था समजून घ्यावी लागेल. तिला मज्जासंस्था म्हणतात. नाव थोडे अवघड आहे, काम मात्र समजायला सोपे आहे. आम्ही ते या पाठात सांगणार आहोत. पडलेल्या माणसाला कसे उचलावे, हेही शेवटी सांगणार आहोत. तो भाग प्रत्येकाने दोनदा वाचावा. दहीहंडी वर्षातून एकदाच येते. पण झाडावरून, कौलांवरून, मोटारसायकलवरून माणसे बारा महिने पडतात.

विजेची तार आणि शरीरातली तार

तुमच्या गावात वीज कशी येते? मोठ्या केंद्रातून जाड तार निघते. ती खांबाखांबांवरून गावाच्या डीपीपर्यंत येते. डीपीवरून बारीक तारा निघतात आणि घरोघर जातात. मग दिवा लागतो, पंप चालतो.

शरीरात साधारण अशीच मांडणी आहे. मेंदू हे मोठे केंद्र. पाठीच्या कण्यातून खाली उतरते ती जाड तार. तिला मज्जारज्जू म्हणतात. रज्जू म्हणजे दोरी. मज्जारज्जूपासून बारीक धागे फुटतात आणि हातापायांच्या बोटांपर्यंत जातात. त्यांना ज्ञानतंतू म्हणतात. मेंदू, मज्जारज्जू आणि ज्ञानतंतू मिळून मज्जासंस्था होते.

एक फरक लक्षात ठेवा. विजेच्या तारेतून वीज घराकडे जाते. शरीरातल्या तारांतून निरोप दोन्हीकडे जातात. मेंदूकडून शरीराकडे हुकूम जातो. शरीराकडून मेंदूकडे खबर येते.

आमच्या वर्गात येथे हमखास एक प्रश्न येतो. "शीर म्हणतात ती हीच काय?" नाही. हातावर निळी दिसते ती शीर रक्ताची. तिच्यातून रक्त वाहते. ज्ञानतंतू वेगळा. तो पांढरट धाग्यासारखा असतो आणि त्यातून रक्त वाहत नाही, निरोप जातात. बोलताना आपण दोघांनाही 'शीर' किंवा 'नस' म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. 'नस दबली' असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा ज्ञानतंतू म्हणायचे असते.

मेंदू

मेंदू कवटीच्या आत असतो. कवटी ही त्याची तिजोरी. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. म्हणजे दीड किलोलाही थोडे कमीच. हाताला तो मऊ लागतो, म्हणून तर त्याला एवढी टणक कवटी आहे.

मेंदू लहान, पण त्याची भूक मोठी. शरीराच्या वजनाचा तो पन्नासावा भाग. पण श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. प्राणवायू चारसहा मिनिटे मिळाला नाही, तर मेंदू मरू लागतो. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत घाई करायची ती यासाठी.

मेंदूचे तीन मुख्य भाग आहेत.

पहिला मोठा मेंदू. विचार, आठवण, बोलणे, पाहणे, ऐकणे ही त्याची कामे. हात उचल, पाय टाक, हा हुकूमही तोच देतो. त्याचे दोन अर्धे आहेत. गंमत अशी, की डावा अर्धा उजव्या अंगावर चालतो आणि उजवा अर्धा डाव्या अंगावर. 'अंगावरून वारं गेलं' असे आपण म्हणतो, तो बाहेरचा वारा नव्हे. मेंदूतली रक्ताची नळी तुंबते किंवा फुटते. डाव्या अर्ध्यात तसे झाले, तर उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडतो. अशा माणसाला अंगारा लावत बसू नये. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एक हात गळाला, की त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्यावे. नळी तुंबली असेल तर गुठळी विरघळवण्याचे औषध आहे. पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

दुसरा लहान मेंदू. हा डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली असतो. तोल सांभाळणे आणि हालचालीला वळण लावणे, हे त्याचे काम. दारू प्यालेला माणूस झोकांड्या खातो, कारण दारूने लहान मेंदूचे काम बिघडते.

तिसरा मेंदूचा देठ. फळाला देठ असतो तसा हा. श्वास आणि हृदयाचे ठोके याच्या ताब्यात असतात. आपण झोपलो तरी हा झोपत नाही. म्हणून रात्रभर श्वास चालू राहतो.

मज्जारज्जू

आता पाठीवर मधोमध हात फिरवा. हाताला गाठी गाठी लागतात. ते मणके. एकावर एक मणके रचून पाठीचा कणा झाला आहे. मानेत ७ मणके आहेत, छातीच्या मागे १२ आणि कंबरेत ५. त्याखालचे मणके एकमेकांना जुळून गेलेले असतात.

प्रत्येक मणक्याला भोक असते. भोकावर भोक बसले की नळी तयार होते. या नळीतून मज्जारज्जू जातो. त्याची जाडी साधारण करंगळीएवढी. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. तो कंबरेच्या वरच्या भागातच संपतो. तेथून खाली ज्ञानतंतूंचा झुबका जातो.

मज्जारज्जूपासून ज्ञानतंतूंच्या ३१ जोड्या निघतात. जोडीतला एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. मानेतल्या जोड्या हातांकडे जातात. छातीमागच्या छाती आणि पोटाकडे जातात. कंबरेच्या आणि त्याखालच्या जोड्या पायांकडे जातात. लघवी आणि शौचाचा ताबाही त्यांच्याकडेच असतो. चेहरा, डोळे, कान, जीभ यांचे तंतू मात्र थेट मेंदूतून निघतात. त्यांच्या १२ जोड्या आहेत.

खबर आणि हुकूम

ज्ञानतंतूंत दोन प्रकारचे धागे असतात. एक खबर आणणारे. दुसरे हुकूम नेणारे.

थरावर उभा असलेला गोविंदा पाहा. खालच्या गड्याचा खांदा किंचित हलला. वरच्याच्या तळपायाला ते कळले. खबर पायातून कंबरेत, कंबरेतून मज्जारज्जूने मेंदूत गेली. कानाच्या आत तोल कळणारी एक जागा आहे, तिनेही खबर दिली. डोळ्यांनीही दिली. लहान मेंदूने सगळ्या खबरी जुळवल्या. मग हुकूम सुटला : डावी पोटरी आवळ, कंबर थोडी उजवीकडे घे. पोटरीच्या स्नायूंनी, म्हणजे तिथल्या मांसाने, हुकूम पाळला. गोविंदा सावरला. एवढे सारे डोळ्याची पापणी लवायच्या आत घडले.

निरोप इतके झटपट कसे जातात? सगळ्यांत वेगवान धाग्यांतून निरोप एका सेकंदात शंभर मीटरपर्यंत जातो. पण सगळे धागे सारखे नसतात. तुम्ही हे स्वतः पाहिले आहे. अंधारात पायाच्या बोटाला ठेच लागते. 'काहीतरी लागलं' हे आधी कळते. खरी कळ क्षणभराने येते. स्पर्शाची खबर आणणारे धागे वेगाचे. ठणक्याची खबर आणणारे धागे सावकाश चालणारे.

दुखणे कोणालाच नको असते. पण दुखणे हा आपला राखणदार आहे. कुष्ठरोगात ज्ञानतंतू बिघडतात. मग हाताला चटका बसला तरी कळत नाही. पायात काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि बोटे झिजतात. दुखणे गेले, की राखणदार गेला.

मेंदूला न विचारता

तव्याला हात लागला तर आपण विचार करत बसतो का? नाही. हात आधी मागे येतो, 'भाजलं' हे मग कळते. असे का होते?

खबर मज्जारज्जूपर्यंत जाते. मज्जारज्जू तिथूनच हात मागे घेण्याचा हुकूम देतो. मेंदूला कळवायचे काम मागाहून होते. गावात आग लागली, तर पाटील तालुक्याच्या हुकमाची वाट पाहत नाही. आधी विझवतो, मग कळवतो. तसेच हे. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

डॉक्टर गुडघ्याखाली रबराच्या हातोडीने ठोकतात आणि पाय उडतो. ही तीच क्रिया. मज्जारज्जू त्या जागी ठीक आहे की नाही, हे डॉक्टर त्यावरून ओळखतात.

तार कुठे तुटली?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पाय जागेवर आहेत, मग ते हलत का नाहीत?

एका घराची तार तुटली तर एका घरात अंधार होतो. गावाकडे येणारी मोठी तार तुटली तर साऱ्या गावात अंधार होतो. दिवे चांगले असतात, पण वीज पोहोचत नाही. पायांचे तसेच होते. पडल्यामुळे मणका मोडतो किंवा सरकतो. आतला मज्जारज्जू चेंगरतो. त्या जागेच्या खाली हुकूम जात नाही आणि खालची खबर वर येत नाही. पाय हलत नाहीत आणि पायांना स्पर्शही कळत नाही.

तार जितकी वर तुटेल तितके नुकसान जास्त.

कंबरेत किंवा पाठीत तुटली, तर पाय जातात. लघवी आणि शौचावरचा ताबाही जातो. हात चांगले राहतात.

मानेच्या खालच्या भागात तुटली, तर पायांबरोबर हातही अधू होतात.

मानेच्या अगदी वरच्या भागात तुटली, तर श्वासच थांबतो. श्वास चालवणारा पडदा छातीखाली असतो, पण त्याला हुकूम मानेतून येतो.

हातापायातला ज्ञानतंतू तुटला आणि डॉक्टरांनी नीट जोडला, तर तो हळूहळू वाढतो. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मज्जारज्जूचे तसे नाही. तो पुरता तुटला, तर पुन्हा जुळत नाही. त्याला जोडणारे औषध अजून जगात कोठेही सापडलेले नाही. तो नुसता चेंगरला असेल, तर काही ताकद परत येऊ शकते.

म्हणून पुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. कित्येकदा पडताना मणकाच मोडतो, पण मज्जारज्जू शाबूत असतो. मोडक्या हाडाची धार त्याच्या शेजारीच असते. अशा वेळी चार माणसे मदतीला धावतात. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो. माणूस मध्ये वाकतो. हाडाची धार रज्जूत घुसते. पडल्यामुळे जे झाले नव्हते, ते उचलल्यामुळे होते. मनात दया असते, पण हाताला रीत माहीत नसते. ती रीत आता शिकू.

माणूस पडला तर काय करावे?

१. गर्दी हटवा. पडलेल्याला लगेच उठवू नका, बसवू नका. "उठ, काही नाही झालं" असे म्हणू नका.

२. त्याला सांगा, "दादा, हलू नकोस. मान वळवू नकोस." एकाने डोक्याशी बसावे. दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरावे. मान ओढू नये, सरळ करण्याचा खटाटोप करू नये.

३. श्वास चालू आहे का पाहा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ फडके दाबून धरा. श्वास थांबला असेल, तर श्वास आधी, कणा नंतर. मान शक्य तितकी न हलवता हनुवटीखालचा जबडा पुढे उचला आणि तोंडाची वाट मोकळी करा. तरीही श्वास येत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने आणि भराभर दाबत राहा.

४. विचारा, "पायाची बोटं हलव बरं. मी कुठल्या पायाला हात लावला, सांग." बोटे हलली नाहीत, मुंग्या आल्या, पाय बधिर वाटले किंवा मान-पाठ फार दुखत असली, तर मणक्याला इजा झाली असे समजूनच वागा. माणूस बेशुद्ध असला तरी तसेच समजा.

५. १०८ या नंबरावर फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते. ती येईपर्यंत माणसाला तसाच राहू द्या.

६. रुग्णवाहिका येऊच शकत नसेल, तर फळी आणा. फळी नसेल तर दाराची फळी काढा. गोधडी किंवा चादरीची झोळी करू नका. झोळीत पाठ वाकते.

७. फळीवर घेताना निदान पाच माणसे हवीत. एक डोक्याशी. तिघे एका बाजूला : खांद्याजवळ, कंबरेजवळ, गुडघ्यांजवळ. पाचवा फळी सरकवायला. डोके धरणाऱ्याने हुकूम द्यायचा : "एक, दोन, तीन." तीन म्हटल्यावर सर्वांनी त्याला एकदम कुशीवर वळवायचे. लाकडाचा ओंडका वळतो तसे, सारे अंग एकत्र. डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत राहिली पाहिजेत. फळी पाठीला लावायची आणि पुन्हा एकदम उताणे करायचे.

८. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याची गुंडाळी ठेवा. कपाळ, छाती, कंबर आणि पाय फळीला बांधा. छातीचा पट्टा आवळू नका, श्वास घेता आला पाहिजे. उलटी होऊ लागली, तर फळीसकट कुशीवर वळवा.

९. त्याला पाणी, चहा, दारू काही पाजू नका. पाठ चोळू नका. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन झटका देऊ नका. झटक्याने मज्जारज्जू कायमचा जाऊ शकतो.

आग लागली असेल, पाणी चढत असेल, तर मात्र वाट पाहू नका. अंग सरळ रेषेत ठेवून ओढत बाजूला न्या.

पुढे काय?

मोठ्या रुग्णालयात फोटो काढतात आणि कोठे इजा झाली ते पाहतात. गरज पडली तर शस्त्रक्रिया करून मणका पक्का करतात.

पाय परत आले नाहीत, तरी माणूस संपत नाही. मात्र त्याची निगा नेमाने ठेवावी लागते. अंथरुणावर त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. त्याच्या कातडीला दुखणे कळत नाही. एकाच जागी पडून राहिला, तर तेथे जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. लघवी तुंबू देऊ नये. डॉक्टर सांगतील तशी हातापायांची हालचाल रोज करावी. मुंबईत हाजी अलीला यासाठी केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, असे तिचे नाव. ती १९५५ साली सुरू झाली. चाकांच्या खुर्चीवर बसून कामधंदा कसा करावा, हे शिकवणाऱ्या अशा संस्था आहेत. तेथे जायला संकोच करू नये.

पडूच नये, ही काळजी सर्वांत चांगली. सरकारने २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळ मानले. साहसी खेळात साहस हवे, तशीच सावधगिरी हवी. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घेणार नाही, असे राज्य सरकारने २०१७ साली उच्च न्यायालयाला सांगितले. वर चढणाऱ्याला दोर आणि डोक्यावर टोप हवा. खाली जाड गाद्या हव्यात. हाच नियम घरी पाळा. पावसाआधी कौले चाळायला चढाल, तर शिडी धरायला माणूस ठेवा. ताडामाडावर चढाल, तर कंबरेला दोर बांधा. मोटारसायकलवर टोप घाला. उथळ किंवा ठाव नसलेल्या पाण्यात डोके खाली करून सूर मारू नका. त्यात मान मोडते.

हा पाठ घरच्यांना वाचून दाखवा. पाच जणांनी मिळून एकदा फळीवर घेण्याची रीत करून पाहा. करून पाहिली म्हणजे ऐन वेळी हात बावरत नाहीत.

प्रश्न

१. मज्जासंस्थेचे तीन भाग कोणते?
२. रक्ताची शीर आणि ज्ञानतंतू यांत फरक काय?
३. तव्यावरून हात आधी मागे येतो आणि भाजल्याचे मग कळते. का?
४. पाठीत मज्जारज्जू तुटला, तर हात चांगले राहतात, पाय जातात. का?
५. पडलेल्या माणसाला काखेत धरून का उचलू नये?
६. तुमच्या गावात फळी म्हणून कोणती वस्तू चटकन मिळेल? ती आजच पाहून ठेवा.